बिनदोऱ्याचा कागद

मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. छावणीच्या बाजारात, पिठाच्या गिरणीशेजारी एक पत्र्याचे शेड होते. तिथे माझे आयुष्य उभ्यानेच गेले. मित्रांनो, शाळेत जाताना तुम्ही कडक घडीचा शर्ट घालता, तेव्हा त्याच्यासाठी कुठेतरी एक लाकूड तापलेले असते. ते तुम्हाला आठवत नाही, यात तुमची चूक नाही. घडी चांगली पडली की टेबल कोणालाच आठवत नाही.

मला रामकिसन सुताराने घडवले. माझा पहिला मालक बन्सी याने लिलावातून एक मोठे लाकडी खोके आणले होते. रामकिसनने ते फोडले, फळ्यांवर रंधा मारला आणि बाभळीचे चार पाय ठोकले. मधल्या फळीवर काळ्या शाईने मोठाली अक्षरे छापलेली होती. ती ना रामकिसनला वाचता येत होती, ना बन्सीला. "खालून कोण बघतंय," असे म्हणून रामकिसनने ती बाजू खाली घातली. तेव्हापासून ती अक्षरे माझ्या पोटाशी राहिली. मलाही ती वाचता येत नव्हती. आपल्या अंगावर काहीतरी लिहिलेले आहे आणि ते काय ते आपल्यालाच माहीत नाही, याचे मला फार नवल वाटे.

बन्सी लवकर गेला. मग त्याच्या बायकोने, पारूबाईने, कोळशाची इस्त्री हातात घेतली. माझ्यावर घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर साऱ्या बाजाराचे कपडे. पारूबाईला वाचता येत नव्हते. कोणता कपडा कोणाचा हे कळावे म्हणून ती प्रत्येक घराला एक दोरा ठरवून देई. डॉक्टरीणबाईंच्या घराचा निळा, दोन टाके. बँकेतल्या साहेबांचा हिरवा, फुली. कॉलरच्या आत, शिवणीलगत, बाहेरून दिसणार नाही असा. दोरा नसलेला कपडा निघाला की तो आमच्याच घरचा. सणासुदीला माझ्यावर डोंगर व्हायचा, पण एका घरचा सदरा दुसऱ्या घरी कधी गेला नाही. लोक पारूबाईचे कौतुक करत. माझ्याकडे कोणी बघत नसे, तरी ते कौतुक मीही थोडे माझ्याकडे ठेवून घेई.

केस पांढरे झाल्यावर पारूबाई विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात जाऊ लागली. सकाळी कपडे येण्याआधी ती माझ्यावर पाटी ठेवून गिरवत बसे. पहिल्यांदा तिने 'पा' काढला, तेव्हा हात मागे घेऊन ती कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तो उठून चालू लागेल, असे तिला वाटत असावे. मलाही वाटले. एवढ्याशा रेघा, आणि त्यांत माणूस हाक मारल्यासारखा उभा राहतो! तिच्याबरोबर मीही शिकत गेले.

तिची नात मेघा तिच्याजवळच वाढली. शाळा सुटली की ती माझ्या कडेला उभी राहून कपडे वेगळे करायची. पुढे ती बी.कॉम. झाली आणि नोकरीसाठी अर्ज पाठवू लागली. उत्तर मात्र कुठूनच येईना. शेवटी एका मोठ्या दवाखान्याची जाहिरात निघाली. तिथे चादरी, गाऊन, पडदे सांभाळणाऱ्या विभागात माणूस हवा होता. हा शेवटचा अर्ज, असे मेघाने सांगून टाकले. याचेही उत्तर आले नाही तर ती इस्त्रीच हाती धरणार होती. पारूबाईची मनगटे सुजलेली असत, आणि तीच इस्त्री नातीच्या हातात बघायची तिची तयारी नव्हती.

एका दुपारी मेघाची मैत्रीण निशा आली. दोघींनी अर्जासोबतचे पत्र शहागंजातल्या एकाच कॉम्प्युटरवाल्याकडून करून आणले होते. निशाला अजिंठा-वेरूळला गाड्या सोडणाऱ्या ऑफिसात नोकरी हवी होती. दोघींनी आपापले कागद माझ्यावर ठेवले, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते उडून खाली एकात एक पडले. उचलून वाचू लागल्या, तर कोणता कोणाचा ते कळेना. दोन्हींत तेच. मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून आपल्या नामांकित संस्थेची सेवा करण्याची एक संधी द्यावी, ही नम्र विनंती. पार खाली सहीपाशी गेल्यावर नावे सापडली.

"तुझ्या जागी मीच जाते," निशा हसत म्हणाली, "कोणाला कळणार बी नाय."

मेघा हसली नाही.

पारूबाईने इस्त्री उभी करून ठेवली. "एवढ्या घरांचे कपडे माझ्यापाशी, एक इकडचा तिकडं नाय गेला. तुमचे दोनच कागद, अन् तेबी एकमेकीत गेले. याला दोरा कुठाय?"

"आजी, अर्ज असाच लिहितात. तिथं इस्त्रीचं काय सांगायचं? हसतील लोक."

"मंग कपड्यायचंच काम मागायला कशाला चाललीस, माय?"

मेघाने छापून आणलेले पत्र बाजूला सारले. मग तिने एक कोरा कागद घेतला. घोंगडीवर लिहायला गेली तर पेनाचे टोक कागदातून आरपार गेले. तेव्हा पारूबाईने अर्धवट झालेले कपडे बाजूला सारले, चादर काढली, घोंगडी काढली. भर दिवसा, कामाच्या वेळी, मला असे उघडे कोणी केले नव्हते.

मेघा माझ्या लाकडावर लिहू लागली. मित्रांनो, इस्त्रीचे वजन मला ठाऊक होते. अक्षरांचे वजन त्या दिवशी कळले. एकेक अक्षर कागदातून माझ्या अंगात उतरत होते. तिने आधी कोणत्या जागेसाठी लिहिते आहे ते लिहिले. मग लिहिले की तुमच्याकडे वॉर्डावॉर्डांतून चादरी येत असतील आणि ज्याची वस्तू त्याच्याकडेच परत गेली पाहिजे. हे काम मी लहानपणापासून करते. दोऱ्यांची पद्धत चार ओळींत सांगितली. ती सारी आता आपण मोबाइलमध्ये नोंदवून ठेवतो, हेही सांगितले. 'होतकरू' लिहिले आणि खोडले. शेवटी फोन नंबर, आणि कोणत्याही सकाळी भेटायला येऊ शकते, एवढेच. पान अर्धे कोरे राहिले.

मग पारूबाईने ते स्वतः वाचले. बोट अक्षराखालून सरकत होते. एका ठिकाणी ते थांबले. 'हे काम मी माझी आजी पारूबाई हिच्याकडून शिकले.'

"माझं नाव दवाखान्यात चाललंय व्हय?" तिने हळूच विचारले.

"चाललंय," मेघा म्हणाली.

मेघाने ते पत्र मोबाइलवर टाइप करून पाठवून दिले. कागद तर इथंच हाय, मग गेलं काय, असे पारूबाई पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला मात्र ते उमगले होते. कागद माझ्यावर पडून होता, मेघा समोर उभी होती, आणि तरीही ती शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कोणाशी तरी बोलत होती. याहून मोठे नवल मी पाहिलेले नाही.

तिला बोलावणे आले. भेटीच्या सकाळी पारूबाईने तिचा कुडता माझ्यावर इस्त्री केला. मग सुईत पिवळा दोरा ओवून गळ्याच्या आत एकच टाका घातला.

"आपल्या घराला दोरा नसतो ना, आजी?"

"घरात व्हता तवर नव्हता. आता भायेर चाललाय."

दोऱ्यांविषयीच दवाखान्यातल्या लोकांनी जास्त विचारले, असे मेघाने परतल्यावर सांगितले. ती तिथे लागली. निशानेही आपले पत्र नव्याने लिहायला घेतले.

पुढे शेड बंद झाले. मी घराच्या मागच्या बाजूला बादल्यांखाली पडून राहिले. पाऊस लागला, पाय फुगले. एका रविवारी मेघाला लिहायला टेबल हवे होते. तिने मला उलटे केले, पुसले, आणि थबकली. मग मोठ्याने वाचले. माझ्या पोटावर इंग्रजीत लिहिले होते, 'ही बाजू वर ठेवा.'

दोघी खूप हसल्या. मग मेघाने फळ्या सोडवून उलट्या बसवल्या. आता माझी अक्षरे वर आहेत. पारूबाई रोज सकाळी त्यांच्यावर वही ठेवून लिहिते.

मित्रांनो, जुन्या लाकडाला ओल लागू देऊ नका, आणि खालून एकदा बघत जा. आणि उद्या कुठे पत्र लिहाल, तेव्हा दुसऱ्याची घडी उचलू नका. पाठवण्याआधी कागद हातात धरा आणि आपला दोरा शोधा. तो सापडला की मगच पाठवा.