लांडग्याला पाठ

सिनेमात आमच्या भागातल्या माणसाला कामं दोनच. एक, ‘तिकडं जाऊ नका’ म्हणून हिरोला बजावायचं. दुसरं, आपणच तिकडं जाऊन पहिल्या अर्ध्या तासात मरायचं. जनावर कुठलंही असो, शेवटी वाचतो तो मुंबईहून आलेला. म्हणून सांगोल्याच्या माळावर राक्षसी लांडग्याच्या सिनेमाचं शूटिंग ठरलं आणि मला ‘भाषा व संस्कृती सल्लागार’ म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी सोलापुरातल्या शाळेत आठ दिवसांची रजा टाकून निघालो. म्हटलं, या खेपेला तरी आपलं माणूस माणसासारखं दिसेल.

मेंढपाळ बाईच्या कामाला नटी नको, खरी बाई घ्या, म्हणून मीच हटून बसलो. अनसूयाबाईंना शोधलंही मीच. पन्नाशीच्या, शंभर मेंढरं राखणाऱ्या, आवाज असा की माळाच्या पार टोकाचं कोकरू मान वर करील. मुख्य म्हणजे गोष्टीत त्या मरत नव्हत्या. हे मी गावभर सांगत सुटलो होतो.

तिसऱ्या दिवशी लांडग्याचा प्रसंग आला. लांडगा नंतर कॉम्प्युटरवर तयार होणार होता; तोवर त्याच्या जागी एकजण काठीला हिरवा चेंडू लावून उभा होता. बाईंनी त्या चेंडूकडं बघून किंचाळत पळायचं. त्या हलल्याच नाहीत.

“पळा ना मावशी!” दिग्दर्शक ओरडला.

“मेंढरं टाकून? लांडग्याला पाठ दावत न्हाईत, बाबा. पाठ दावली की त्यो कळपात शिरतो. हुबं ऱ्हायचं, हाळी द्यायची, धोंडा हाणायचा. माजी सासू तसंच करायची.”

दिग्दर्शक वयानं लहान, पण माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, तुम्ही इथले. खरंच असं असतं का? असेल तर सीन बदलू. फार तर एक दिवस जाईल.”

असतंच की. मला ठाऊक होतं. पण उन्हानं सगळे कावले होते आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. खोळंबा करणारा मास्तर म्हणून नाव झालं तर पुढच्या सिनेमाला कोण विचारणार? मी हसून म्हणालो, “एवढा मोठा लांडगा बघून कोणीही पळेल.”

मग बाईंकडं जाऊन आवाज गोड केला. “अनसूयाबाई, सिनेमाच हाय की. खोटं खोटं पळायचं. कोण खरं धरतंय?”

“तुमी म्हणताय म्हणून,” त्या म्हणाल्या आणि पळाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गेल्या महिन्यात सोलापुरात सिनेमा लागला. बाई दोन जीपा भरून भावकी घेऊन आल्या. नवरा भिमा नवा पटका बांधून, सात वर्षांची नात ओवी मांडीवर. पडद्यावर बाई दिसल्या तेव्हा आमच्या रांगांतून शिट्ट्या झाल्या. मग लांडगा आला. बाईंनी काठी टाकली, पाठ फिरवली आणि धूम पळाल्या. मागं मेंढरं मरत राहिली. शेवटाकडं मुंबईचा हिरो त्याच माळावर पाय रोवून उभा राहिला, त्यानं हाळी दिली आणि धोंडा हाणला. बाईंचं बोलणं दिग्दर्शकानं वाया घालवलं नव्हतं. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आमच्या दोन रांगा तेवढ्या गप्प होत्या.

बाहेर आल्यावर ओवीनं विचारलं, “आजे, तू मेंढरं टाकून पळालीस व्हय?”

भिमा माझ्याकडं वळला. “सर, हिला पळ म्हणून कुणी सांगितलं?”

भावकी थांबली. ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. मी म्हणालो, “ते स्टोरीतच तसं लिहिलेलं...”

अनसूयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “सरांना कशाला इचारता?” त्या म्हणाल्या. “मीच भ्याले.”

ओवीनं आजीचा हात सोडला आणि आजोबाचा धरला. मला फार वाईट वाटलं, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही.