डावा झाका, उजव्यानं मापा

नेमिनाथ चौगुले सरांनी चित्रासाठी माप घ्यायला हात लांब केला, सवयीनं डावा डोळा झाकला आणि समोर बसलेल्या बायकोच्या नाकावर ब्रशची दांडी धरली. दांडी मधोमध वाकली होती.

त्यांनी ब्रश चाचपला. सरळ होता. पुन्हा धरला, पुन्हा वाकला. आणि अक्काताईंच्या नाकाच्या जागी नुसता राखाडी डाग, कुणी ओला बोळा फिरवल्यासारखा.

"काय झालं ओ? मी उठू का?" अक्काताई म्हणाल्या.

"बस की गप!" सर खेकसले. इतक्या वर्षांत ते बायकोवर कधी असे ओरडले नव्हते.

शिवाजी पेठेतल्या शाळेत सर तीस वर्षं चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेलं प्रत्येक पोर एकाच मंत्रावर वाढलेलं: डावा झाका, उजव्यानं मापा. सर स्वतः व्यक्तिचित्रं काढत, तीही माणूस समोर बसवून. फोटोवरून काढणाऱ्याला ते चित्रकार मानतच नसत.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, बॅटरी मारून पाहिलं.

"साखर किती वर्षं हाय, सर?"

"बारा."

"उजव्याचा पडदा खराब झालाय. मधलाच भाग. गेलेलं परत येणार न्हाय. डावा तेवढा जपा."

घरी सरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. खोटं बोलायची सवय नव्हती, कान तापले.

खरं सांगणार तरी कसं? पुढच्याच रविवारी शाळेच्या पन्नाशीनिमित्त सरांचं प्रात्यक्षिक होतं. दोन तासांत लोकांदेखत समोरच्या माणसाचं चित्र उतरवायचं. कोल्हापुरात असल्या प्रात्यक्षिकाला लोक कुस्तीला यावं तसे येतात, आणि पाठ कुणाची लागली ते बरोबर बघतात. 'चौगुले सर संपले' एवढे तीन शब्द एकदा पेठेत सुटले की मग पुन्हा समोर बसणार कोण?

रोज सकाळी उठल्याउठल्या ते दाराची चौकट बघत. कालच्यापेक्षा जास्त वाकलीय का? मग न्हाणीघराला कडी लावून आरशासमोर उजवा डोळा मिटायला शिकत. सत्तावन्नाव्या वर्षी हे शिकणं! उजव्याबरोबर डावाही मिटे, गाल थरथरे, तोंड वेडंवाकडं होई. बाहेरून अक्काताई दार वाजवत, "आत झोपलाय की काय?"

रविवार आला. समोर बसायला तालमीतले म्हातारे वस्ताद हंबीरराव, भरघोस मिशा आणि केशरी फेटा. पुढच्या रांगांत सरांच्याच वर्गातली पोरं. सरांनी हात लांब केला, उजवा झाकला. घाम मानेवरून ओघळत होता. चित्रातलं नाक एकदा सरकलं, पुसून पुन्हा बसवलं. दोन तासांनी हंबीरराव उठून चित्रासमोर आले आणि गरजले, "आयला! ह्यो तर माझा बा बसलाय की!"

टाळ्याच टाळ्या. सुटलो रे बाबा, म्हणत सर मटकन खुर्चीत बसले. कुणाला काही कळलं नव्हतं.

सोमवारी वर्गात त्यांनी स्टुलावर तांब्या ठेवला. "मापा."

चाळीस हात लांब झाले. चाळीस पोरांनी उजवा डोळा मिटला होता. गाल थरथरत होते, तोंडं वेडीवाकडी झाली होती. पुढच्या बाकावरच्या शिवांजलीला डोळा मिटेना, तिनं तो बोटानं दाबून धरला होता.

"अगं, डावा झाकायचा न्हवं?"

"पर सर, काल तुमी उजवाच झाकला की! आमी सगळ्यांनी बघितलं. म्हटलं, नवी पद्धत आसंल."

शंभर मोठ्यांना दिसलं नाही ते पोरांना दिसलं होतं. 'व्हय, नवी पद्धत' एवढं म्हटलं असतं तर सगळं झाकून गेलं असतं. शब्द ओठावर आलाही. पण शिवांजलीचं बोट त्या धडधाकट डोळ्यावर तसंच होतं.

"न्हाय," सर म्हणाले. "माझा उजवा गेलाय, पोरांनो. म्हणून झाकला. तुमचा चांगला हाय. उघडा."

मग शिवांजलीनं बोट काढलं. एकेक उजवा डोळा उघडला, एकेक डावा मिटला.

सरांनीही पेन्सिल उचलली, पोरांसमोर हात लांब केला आणि उजवा झाकला. गाल थरथरत होता. तो थरथरू दिला.