तोच प्रश्न दुसऱ्यांदा

आमच्या कंपनीत सरांना पाठीमागे सगळे 'दुबार' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सर ऑडिट कमिटीचे अध्यक्ष. कारभार हाकणाऱ्यांवर नजर ठेवायची, कुठे काय बिघडू शकतं ते आधीच ओळखायचं, आणि बिघडू नये म्हणून लावलेली कुलपं खरंच लागतात की नुसती लटकताहेत ते तपासून घ्यायचं, हे त्या कमिटीचं काम. सरांची त्यासाठी एक खास रीत होती. बैठकीच्या सुरुवातीला ते एखादा प्रश्न विचारत, उत्तर मुकाट ऐकून घेत, आणि बऱ्याच वेळानं, समोरचा माणूस बिस्किट चहात बुडवत असताना, तोच प्रश्न जसाच्या तसा पुन्हा टाकत. खरं उत्तर दुसऱ्यांदाही तेच येतं, बनवलेलं उत्तर माणूस जरा सुधारून देतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्यांदा विचारताना ते चष्मा काढून टेबलावर ठेवत. चष्मा निघाला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. एकदा गोदामांच्या प्रमुखाचं बिस्किट चहात पडलं आणि त्यानं ते शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही.

मी कंपनीच्या इंटर्नल ऑडिटची प्रमुख. म्हणजे ज्यांच्या चुका काढायच्या त्यांच्याच कॅन्टीनमध्ये जेवायचं. त्यामुळे माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असते, आणि खरं सांगायचं तर मला ती तशीच आवडते. माझा अहवाल मात्र साहेबलोकांकडे जात नाही, थेट कमिटीकडे जातो. हे काम मला सरांनीच शिकवलं. माझी पहिली नोकरी त्यांच्या ऑफिसात होती. तेव्हा मी फार तडतड करायचे. "राग चांगला आहे," ते म्हणाले होते, "पण आधी कागद वाच, मग चीड." अजून मी त्याच क्रमानं चिडते.

गेल्या काही बैठकांपासून सर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारत, पण चष्मा नाकावरच असे.

आधी मी स्वतःलाच दटावलं. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, विसरला असेल चष्मा काढायला. मग एका बैठकीत त्यांनी विम्याचा प्रश्न तीनदा विचारला. कमिटीवरच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे झुकून कौतुकानं कुजबुजल्या, "आज दुबार नाही, तिबार! कुणाची तरी खैर नाही." दुसरे सभासद, निवृत्त इंजिनियर, गालात हसले. सगळ्या खोलीला तो सरांचा डाव वाटत होता. मी सरांच्या डोळ्यांकडे बघत होते. डावात असतात तसे ते डोळे नव्हते. उत्तर पहिल्यांदाच कानावर पडावं तसं ते ऐकत होते.

बैठकीआधीच्या रविवारी कागद घेऊन सरांच्या घरी जायचा माझा जुना रिवाज. त्या रविवारीही गेले. दार काकूंनी उघडलं. सर बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते, आणि एका कुंडीतून पाणी वाहून फरशीवर पसरलं तरी त्याच कुंडीत घालत होते. काकूंनी जाऊन हळूच झारी त्यांच्या हातातून घेतली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बघा कोण आलंय."

सरांनी मला लगेच ओळखलं. कामाचं बोलणं सुरू झालं आणि ते पूर्वीसारखेच नेमके, तिरकस बोलू लागले. मला इतकं बरं वाटलं की वाटलं, उगाच आपण राईचा पर्वत करतोय. मग त्यांनी विचारलं, "तुझी आई कशी आहे?" आई जाऊन बराच काळ झाला. तिला खांदा द्यायला सर स्वतः आले होते.

"बरी आहे," मी म्हटलं.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. "तुझ्या लक्षात आलंय," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर काय म्हणतात, काकू?"

"डॉक्टर काय म्हणणार. हळूहळू वाढत जाईल म्हणतात." त्यांनी कठड्यावरची धूळ पदरानं पुसली. "अगं, घरात ते दिवसभर काहीतरी शोधत फिरतात, आणि काय शोधतोय तेही त्यांना सांगता येत नाही. पण बैठकीचा दिवस आला की सकाळी स्वतः दाढी करतात, स्वतः टाय बांधतात. त्या खोलीत ते अजून ते आहेत. तेवढी खोली राहू दे त्यांना. तू काही बोलू नकोस."

मी मान हलवली. काकूंनी ती 'हो' समजली असेल. मीसुद्धा तेव्हा तशीच समजले होते.

आता किल्ल्यांचं सांगते, कारण सगळं त्यावर येऊन अडलं. आमची कंपनी फळं आणि औषधं ठेवायची शीतगोदामं चालवते. थंडी राखायला अमोनिया वायू लागतो. तो गळला तर माणूस गुदमरून मरतो, म्हणून प्रत्येक गोदामात गळतीचा भोंगा आहे. भोंगा वाजला की यंत्रं आपोआप थांबतात. तो बंद करायचा तर पेटीला दोन किल्ल्या लावाव्या लागतात, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकानं घाई केली तर दुसऱ्यानं आत जाऊन बघावं, एवढाच हेतू. हा नियम सरांनीच हट्टानं करून घेतला होता. पण भोंगे कधीकधी उगाचही वाजतात, दुसरा किल्लीवाला येईपर्यंत यंत्रं थांबतात, माल नरम पडतो. वित्तप्रमुखाला ते सलत होतं. मागच्या बैठकीत त्यानं एकाच किल्लीचा प्रस्ताव आणला. सरांनी तो तिथल्या तिथे उडवून लावला होता. "माल पुन्हा भरता येतो," एवढंच म्हणाले होते.

वित्तप्रमुख वाईट माणूस नाही, पण हुशार आहे, आणि त्याची नजर माझ्याइतकीच तीक्ष्ण निघाली. या बैठकीत त्याच प्रस्तावावर नवं शीर्षक आलं: 'मागील चर्चेनुसार एक किल्ली पद्धत'.

"मागच्या वेळी आपलं बोलणं झालंच आहे, सर," तो मऊ आवाजात म्हणाला. "आज फक्त मंजुरी घ्यायची."

सरांनी कागदाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "हो," ते म्हणाले, "झालंय आपलं बोलणं."

डॉक्टरीणबाई आणि इंजिनियर, दोघांनी माना डोलावल्या. सरांना पटलंय म्हटल्यावर पुन्हा वाचायचं कशाला? सवयच लागली होती सगळ्यांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणाला होतात. इतिवृत्तात तसंच आहे."

"मला आठवतंय काय म्हणालो ते," सर तुटकपणे म्हणाले. असे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग त्यांची नजर कागदावरून माझ्याकडे आणि पुन्हा कागदाकडे गेली, आणि त्या नजरेत मला भीती दिसली. वर्गात फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलाला वाटते तशी.

"सरांना आठवतंय, मॅडम," वित्तप्रमुख म्हणाला.

"मग विषय शेवटी घ्या," मी म्हटलं. "आमची बाहेरची बैठक झाल्यावर."

'बाहेरची बैठक' हे आमच्या इथलं नाव. दर वेळी शेवटी सगळे साहेब बाहेर जातात आणि कमिटी इंटर्नल ऑडिटच्या प्रमुखाला विचारते, यांच्यासमोर बोलता येत नाही असं काही आहे का? नियमानं सगळी कमिटी बसायला हवी. पण सर असताना आणखी कुणी कशाला, असं होत होत बाकीचे दोघेही चहाला बाहेर जाऊ लागले होते. भोंग्याला दोन किल्ल्या, आणि अख्ख्या कमिटीला एकच.

दार लागलं. लांब टेबल, अर्धवट प्यालेले पेले, ओढलेल्या खुर्च्या. सर टाय नीट करत होते. गाठ किंचित वाकडी बसली होती.

"सगळे बाहेर गेलेत," सर म्हणाले. "तुला काही सांगायचंय?"

वर्षानुवर्षं मी या प्रश्नाला "नाही सर" म्हणत आले होते, आणि ते खरंच असायचं. जे सांगायचं ते मी सगळ्यांच्या तोंडावर सांगत असे. मला काकूंचा पदर आठवला, कठड्यावरून फिरणारा. भोंग्यापाशी एकटा उभा असलेला कुणीतरी माणूस दिसला, हातात एकुलती एक किल्ली घेतलेला.

"आहे, सर," मी म्हटलं. "तुमच्याबद्दल आहे."

ते थांबले. मी बोलत गेले. शब्द निवडले नाहीत, निवडले असते तर बोलूच शकले नसते. तुम्ही विसरताय, सर. चष्मा न काढता विचारताय. लोकांना तो डाव वाटतो, म्हणून कुणी बोलत नाही. आज एकाला ते कळलंय आणि तो त्याचा फायदा घेतोय. एक किल्ली तुम्ही कधीच मान्य केली नव्हती. माझा आवाज मध्येच फुटला. मला स्वतःचा राग आला आणि मी तशीच पुढे बोलत राहिले.

सरांनी मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि हातांकडे बघत राहिले.

"हिला माहीत आहे?"

"काकूंना माहीत आहे."

"आणि ती म्हणाली असेल, बोलू नकोस."

ते किंचित हसले. त्या हसण्यानं मला जास्त लागलं.

"मग माझी खुर्ची आजच रिकामी," ते म्हणाले. "आणि किल्ल्या दोनच राहतील. बोलव सगळ्यांना. मी स्वतः सांगतो."

मी उठले. छातीवरचं ओझं उतरलं होतं. वाटलं, हा माणूस शेवटपर्यंत आपला गुरूच राहिला. दाराची मूठ हातात घेतली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं, उभी का? बस ना. सगळे बाहेर गेलेत." सरांनी कागदांची कड सारखी केली, पेन उघडलं. "तुला काही सांगायचंय?"

मी वळले. चष्मा नाकावर होता.

दाराच्या काचेपलीकडे वित्तप्रमुखाची सावली होती, कुणीतरी काहीतरी बोललं आणि हसलं. सरांचा चेहरा पार कोरा, उत्सुक, माझ्यावर विश्वास ठेवणारा. थोड्या वेळापूर्वीचं दुःख त्यावरून पुसून गेलं होतं. एक "नाही सर" म्हटलं की झालं. सर टाय नीट करून घरी गेले असते. काकूंना त्यांची खोली परत मिळाली असती. मी एकदा सांगितलं होतं हे मला सोडून कुणाला कळलंही नसतं. इतका मोह मला आयुष्यात कशाचा झाला नाही.

मी परत जाऊन बसले. या वेळी समोर नाही, शेजारच्या खुर्चीवर. त्यांचा हात हातात घेतला.

"आहे, सर. तुमच्याबद्दल आहे."

सगळं पुन्हा सांगितलं. तेच, त्याच क्रमानं. एकही वाक्य सौम्य केलं नाही, कारण सुधारलेलं उत्तर ते ओळखतात. पहिल्यांदा सांगताना मी रडले नव्हते, या वेळी रडले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच दुःख पुन्हा नव्यानं उतरताना मला बसून बघावं लागलं. ते त्यांना मीच दिलं, दोनदा.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. माझा हात त्यांच्या हाताखाली तसाच राहिला.

"हिला माहीत आहे?"

"माहीत आहे, सर."

या वेळी ते वेगळं काही म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. थांबू या म्हणाले असते, पुढच्या बैठकीपर्यंत राहू दे म्हणाले असते, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

"मग माझी खुर्ची आजच रिकामी," सर म्हणाले. "आणि किल्ल्या दोनच राहतील."

शब्दाचाही फरक नव्हता. ज्या कसोटीला ते जन्मभर लोकांना लावत आले, तिला ते स्वतः उतरले होते, आणि त्यांना ते कधीच कळणार नव्हतं.

त्यांचा हात न सोडता मी बसल्या जागेवरूनच सगळ्यांना हाक मारली. तिसऱ्यांदा सांगायची ताकद माझ्यात नव्हती.