कळवण्याचं काम

"मिस्त्री, कुठपर्यंत आलात?" बायकोच्या कार्यालयातल्या शिपाईमामांनी फोनवर विचारलं. दीड वाजला होता. मी एका इमारतीच्या पंपाचं सील बदलत होतो.

"कुठे यायचंय?" मी म्हणालो.

 पलीकडे मामा रडायलाच लागले. तेव्हा मला कळलं.

माझी बायको पाणीपुरवठा कार्यालयात क्लार्क होती. त्या दिवशी अकरा वाजता ती टेबलावर कोसळली. दवाखान्यात नेलं, तिथे बाराच्या सुमारास गेली. मधला तासभर शुद्धीवर होती. मी ज्या पंपावर बसलो होतो, तिथून दवाखाना दहा मिनिटांवर.

गेले दोन महिने लोक येतात आणि म्हणतात, वाईट झालं. वाईट झालं हे मलाही कळतं. मला एवढंच हवं आहे की फोन का नाही आला ते कोणीतरी सांगावं.

ती बाहेरून लोकप्रशासनात एम.ए. करत होती, सेहेचाळिसाव्या वर्षी. कार्यालयं कशी चालतात आणि त्यातली माणसं तशी का वागतात, असा तिचा विषय. जेवताना आमच्यावरच प्रयोग चालायचे. "कागदावर विभागप्रमुख तुम्ही. निर्णय माझे," म्हणायची. मुलीने विचारलं, "आणि मी?" तर म्हणाली, "तू कंत्राटी. सासरी जाईपर्यंत."

एम.ए.साठीचा तिचा अहवाल दोन टेबलांच्या मधे पडून राहणाऱ्या कामांवर होता. जे काम याला त्याचं वाटतं आणि त्याला याचं. चार प्रकरणं झाली होती. पाचव्यात एक अख्खं घडलेलं उदाहरण द्यायचं होतं. तिचे सर घरी आले तेव्हा म्हणाले, "पदवीचं मी सांगू शकत नाही. पण महिनाअखेरपर्यंत पूर्ण करून दिलात, तर तिच्या नावाने विभागाच्या ग्रंथालयात राहील. पुढची मुलं वाचतील."

उदाहरण तर माझ्याकडे होतंच. तिची छापील प्रश्नावली घेतली आणि तिच्या कार्यालयात गेलो.

हेडक्लार्कनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी विचारलं, "अकरा वाजता तुम्ही काय केलंत?"

"लगेच गाडी बोलावली. आणि आस्थापना शाखेला सांगितलं, घरी कळवा. मी स्वतः दवाखान्यात गेलो, मिस्त्री. हात झटकणारा माणूस नाही मी."

आस्थापनेचा क्लार्क म्हणाला, "त्यांच्या सेवापुस्तकातला तुमचा जुना नंबर लावला. बंद. तशी चिठ्ठी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवली."

"साहेब तर दवाखान्यात होते."

"हो ना. पण ठेवली मी. अकरा वीसला." त्याने चिठ्ठी जपून ठेवली होती. तीही दाखवली.

मामांच्या फोनमध्ये माझा नंबर होता. त्यांच्या घरची मोटार मीच दुरुस्त केली होती. "मग मामा, तुम्ही का नाही केलात?"

"साहेब लोक कळवतायत म्हटल्यावर मी कुठे लहान तोंडी मोठा घास घेऊ? मला कोणी विचारलंच नाही. दीडपर्यंत तुम्ही दिसला नाहीत, तेव्हा राहवलं नाही."

शेवटी आवक-जावकच्या बाई. दवाखान्यात तिच्याजवळ त्याच होत्या. खूप वेळ नुसत्या रजिस्टरची पानं सरळ करत बसल्या.

"भाऊजी, ती विचारत होती. हे निघाले का, म्हणून. दोनदा विचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"निघालेत म्हटलं. निघाले असणारच असं वाटलं हो मला."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

घरी येऊन सगळं कागदावर उतरवलं. शेवटी तिने आखलेला तक्ता होता. पहिला रकाना, काम. तिथे लिहिलं, घरी कळवणे. दुसरा रकाना, टेबल. मी तिथे हेडक्लार्कचं नाव लिहायला घेतलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, वर आईने काय लिहिलंय ते वाचा."

वर तिच्या अक्षरात होतं: माणसाचं नाव लिहायचं नाही. माणूस बदलला तरी काम अडतंच, म्हणून टेबल लिहायचं.

"मग चूक कोणाची?"

"आई तसं विचारतच नव्हती."

"मी विचारतोय ना!" मी ओरडलो.  ती उठून भांडी आवरायला लागली, आईसारखीच.

पंपाचं बरं असतं. पाणी चढत नसेल तर सील गेलं, बेअरिंग गेलं, नाहीतर वाइंडिंग जळलं. बोट ठेवता येतं. इथे एकेक भाग खोलून पाहिला आणि प्रत्येक जण म्हणतो मी चालू होतो. खोटंही कोणी बोलत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा कामवाटपाचा आदेश मागून आणला. अकरा पानं. शाई मागवणं कोणाचं, पंख्याला तेल घालणं कोणाचं, सगळं आहे. कर्मचारी कोसळला तर घरी कोणी कळवायचं, ते नाही. अकरा पानं तीनदा वाचली. टंकलिखित प्रत होती आणि खाली टंकलेखक म्हणून तिचीच आद्याक्षरं होती.

मुलगी हळूच म्हणाली, "मग तसंच लिहा ना बाबा. कुठल्याच टेबलाचं नाही. आईला हेच तर दाखवायचं होतं."

मलाही ते कळतं. पण ते एकदा लिहिलं की भांडायला कोणी उरत नाही, आणि ती मात्र तिथे दोनदा विचारत होती.

परवा महिनाअखेर. चार प्रकरणं बांधून तयार आहेत, पाचवंही झालं आहे. तक्त्यातला दुसरा रकाना भरायचा राहिला आहे.