आमच्या घराचा आकडा

एकोणीसशे शहाऐंशी साल. नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी आमची ठकी शाळेत जाऊ लागली आणि शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला, की मुलगी वर्गात पेंगते, पोट दुखतं म्हणते, काल शिकवलेलं अक्षर आज विसरते.

आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा कारखाना होता. आमचे हे तिथेच भट्टीवर. गल्लीतली बरीच पोरं अशीच मरगळलेली, म्हणून आम्ही बायकांनी दवाखान्यात जाऊन डोकं खाल्लं, तेव्हा तिथून एक संशोधक बाई आल्या. उंच, काटकुळ्या, प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसणाऱ्या.

"काय शोधायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "मोजायचं कसं ते मी शिकवते. जे सापडेल ते आधी या गल्लीत वाचायचं, मग बाहेर."

शेजारच्या शिंपीणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. "म्हणजे राबायचं आम्ही आणि पदवी तुम्हाला?"

"पदवी मिळून दहा वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

ठरलं असं, की प्रत्येक घरात कपाटावर व्हॅसलिन लावलेली एक काच ठेवायची, महिनाभर हात लावायचा नाही, आणि तिच्यावर बसलेल्या धुळीतलं शिसं प्रयोगशाळेत मोजायचं. काचा वाटायचं, गोळा करायचं काम माझ्याकडे.

महिन्याने बाईंनी पेटी उघडली आणि बघतच राहिल्या. चाळीसातल्या अडतीस काचा आरशासारख्या लख्ख. उरलेल्या दोन बाईमाणूस नसलेल्या घरांतल्या.

"तुम्ही पुसल्या?"

"पुसल्या कसल्या, साबणाने घासल्या," माझ्या सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "परक्या माणसाच्या हातात चिकट, मळकी वस्तू द्यायची?"

बाईंनी कपाळाला हात लावला, मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी. धूळ दिसली की तुम्ही काय करता, हे मी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या खेपेला मी घरोघर शपथा घातल्या. निकाल बंद पाकिटांतून आले. दर आठवड्याला आम्ही बैठकीला जमायचो, तिथे भिंतीवर गल्लीचा नकाशा लावला होता. आपला आकडा त्यावर लिहायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर. भट्टीजवळच्यांचे आकडे मोठे, लांबच्यांचे लहान, असंच दिसत होतं. धुराडं उंच करून देतो, असं मालकाने कबूलही केलं.

आमचं घर धुराड्यापासून सगळ्यांत लांब. पाकीट उघडलं, तर आमचा आकडा भट्टीच्या भिंतीला टेकलेल्या घराच्या तिप्पट.

"माझ्या घरात धूळ?" सासूबाई उसळल्या. "यंत्र बिघडलंय त्यांचं. नाहीतर तू कोपरे झाडत नाहीस."

हे म्हणाले, "लिहू नकोस. लोक तोंडात शेण घालतील. आणि कारखान्यात मला विचारतील, तुझी बायको कसले उद्योग करते म्हणून."

चार दिवस ते पाकीट डब्यांमागे पडून होतं. दवाखान्यात गल्लीतल्या पोरांचं रक्तही तपासायला घेतलं होतं, पाचव्या दिवशी ठकीचा निकाल आला. गल्लीतल्या सगळ्या पोरांत तिच्या अंगात शिसं जास्त. आकडा लपवला असता तर धुराडं उंच झालं असतं, सगळे समाधानाने घरी गेले असते, आणि आमच्या घरात जे काय होतं ते तिथेच राहिलं असतं.

त्या आठवड्याच्या बैठकीत मी उठून नकाशावर आकडा लिहिला.

"अगं बाई!" शिंपीणबाई म्हणाल्या. "वारा काय तुमच्याकडे मुक्कामाला येतो?"

सगळ्या हसल्या. संशोधक बाई हसल्या नाहीत. "संध्याकाळी घरात काय काय होतं, ते ओळीने सांगा," म्हणाल्या.

मी सांगायला लागले. हे येतात, कपडे बदलतात. धुवायला टाकायच्या आधी मी ते दाराआड झटकते. अंगणात झटकले तर शेजारच्यांची वाळत घातलेली धुणी मळतात ना, म्हणून आतच. ठकी तिथेच चटईवर खेळत असते...

बोलता बोलता मीच थांबले.

"झटकायला मीच शिकवलं हिला," सासूबाई हळूच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतलेली ती पहिलीच वेळ. मागे बसलेल्या दोघी भट्टीवाल्यांच्या बायका उठल्या आणि त्यांनीही आपापली पाकिटं पुढे केली.

कारखान्यात न्हाणीघर हवं, कामाचे कपडे तिथेच राहायला हवेत, असा अर्ज आम्ही केला. आमच्या ह्यांनी सगळ्यांत शेवटी सही केली, पण केली. न्हाणीघर व्हायला दीड वर्ष लागलं.

सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या. शेवटपर्यंत ओल्या फडक्यानेच फरशी पुसायला लावायच्या. शिंपीणबाईंनी कारखान्यातले कपडे शिवायचं काम मिळवलं आणि नंतर लेकाकडे राहायला गेल्या. संशोधक बाई पुढे बऱ्याच गल्ल्यांत गेल्या. आता निवृत्त आहेत, गुडघ्यांनी हैराण. ह्यांची मूत्रपिंडं न्हाणीघर होईतोवरच शिशाने कामातून गेलेली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले.

ठकीच्या रक्तातलं शिसं तीन वर्षांत उतरलं. अक्षरं मात्र उशिराच आली, अजूनही ती ओळीखाली बोट धरून वाचते. रोपवाटिका चालवते, छान चालवते. मागे एकदा म्हणाली, "आई, तू कपडे झटकले नसतेस तर मी हुशार झाले असते का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "बाईंनाही सांगता आलं नाही."

"बरं," म्हणाली, आणि रोपांना पाणी घालायला गेली.