व्यंकटीची फुंकर

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉ. उमाशंकर बिरादार पुन्हा रुजू झाले, तेव्हा त्यांच्या बॅगेत तळहाताएवढं एक मशीन होतं. त्यात फुंकर मारली की श्वासात दारू आहे की नाही ते आकड्यात दिसायचं. शून्य आलं तर नोकरी शाबूत. दुसरा कुठलाही आकडा आला तर जिल्हा कार्यालयाला पत्र, आणि मग नोकरी गेलीच म्हणून समजा.

लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ते तीन महिने राहून आले होते. तिथं नोकरदारांचा वेगळा वर्ग भरायचा. एक भूलतज्ज्ञ, एक वकील, एक मुख्याध्यापक, अशी सगळी शिकलेली मंडळी. शेजारच्यानं दारू कशी सोडावी हे प्रत्येकाला नीट ठाऊक होतं. डॉक्टरांनी मात्र खरंच सोडली. निघताना समुपदेशक वर्षाराणी मॅडमनी करार लिहून घेतला. सहा महिने रोज सकाळी आठला साक्षीदारासमोर फुंकायचं आणि आकड्याचा फोटो साक्षीदारानं केंद्राला पाठवायचा.

दवाखान्यात साक्षीदार म्हणून दुसरं होतं कोण? शिपाई व्यंकटी. साहेबांची बाटली वर्षानुवर्षं त्यानंच आणली होती, आणि तळाशी उरलेली त्यानंच संपवली होती.

दुसऱ्याच दिवशी पहाटे मलप्पा शेतकऱ्याचा फोन आला. गाय अडली होती, वासरू आडवं होतं. मोटारसायकल काढता काढता डॉक्टर म्हणाले, "आठच्या आत परतणं काही होत नाही. मशीनचं काय करायचं?"

"तुम्ही जावा सायेब. म्या फुकतो," व्यंकटी म्हणाला. "तुमच्या हजेरीची सही न्हाई का मारत म्या? तसंच हे."

गाय सुटली, शून्याचा फोटो गेला, मॅडमचा अंगठाही आला. मग तेच वळण पडलं. कुठलीतरी गाय सकाळीच अडायची आणि व्यंकटी आठच्या ठोक्याला मशीन तोंडाला लावायचा. साहेबांची नोकरी आपल्या श्वासावर आहे हे त्यानं इतकं मनावर घेतलं, की संध्याकाळी गुत्त्याच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. त्याची बायको सरजाबाई शेजारणींना सांगायची, "सायबाला गुण आला, पर औषध आमच्या मालकाला लागू पडलंय."

असे त्र्याण्णव दिवस गेले. चौऱ्याण्णव्या सकाळी डॉक्टर दवाखान्यातच होते, तरी सवयीनं व्यंकटीनं रोजच्यासारखं फुंकलं आणि आकड्याकडं न बघताच फोटो पाठवला. पाचव्या मिनिटाला डॉक्टरांचा फोन वाजला. मॅडम होत्या.

"सर, आजचा आकडा पाहिलात?"

डॉक्टरांनी मशीन हातात घेतलं. शून्य नव्हतं. त्यांनी व्यंकटीकडं पाहिलं. त्याच्या तोंडाला येणारा वास त्यांना ओळखावा लागला नाही.

"किती घेतली?" फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

"पुतण्याची हळद व्हती रात्री. पाव्हण्यांनी लई आग्रह केला." व्यंकटीचा चेहरा उतरला होता. "मशीन बिघडलं म्हणून सांगा की. आन् आता तुम्ही फुका, शून्य येतंय."

शून्य आलंच असतं. पण 'बिघडलं' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडात चांगला बसलेला होता. पिण्याच्या दिवसांत त्यांची गाडी बिघडायची, फोन बिघडायचा, एकदा तर चुलत्याची तब्येत बिघडली होती, आणि चुलते वारून तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्यांनी फोनवरचा हात काढला. "मॅडम, ती फुंकर माझी नाही. आमच्या शिपायाची आहे."

"आणि आधीच्या त्र्याण्णव?"

"त्याही त्याच्याच."

"म्हणजे तुम्ही प्यायला नाहीत, याला पुरावा नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि जो त्र्याण्णव दिवस प्यायला नाही, त्यानं कधी नावच नोंदवलं नव्हतं. ऑफिसला खरं ते कळवावं लागेल मला. तुम्ही स्वतः सांगितलंत हेही लिहीन. ते सांभाळून घेतील की नाही, सांगता येत नाही. आज लातूरला येऊन रक्त द्या. दिवस पहिल्यापासून मोजायचे."

"व्यंकटीचे?"

"त्यानं काल घेतली. त्याचेही पहिल्यापासून. त्यालाही आणा, नाव नोंदवू."

दुसऱ्या दिवशी आठला डॉक्टर मशीनसमोर उभे राहिले. बाहेर मलप्पा दुसऱ्या गाईसाठी ताटकळत होता. डॉक्टरांनी फुंकलं. शून्य. व्यंकटीनं फोटो काढला, मशीन पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आता म्या फुकतो, माझ्याकडं बघा सायेब," तो म्हणाला. "न्हाईतर मॅडम इचारतील, साक्षीदार कोण व्हता."

दारातून मलप्पानं हाक मारली. डॉक्टर जागचे हलले नाहीत. "थांब मलप्पा," ते म्हणाले, "याचं होऊ दे."