आठ रकान्यांचा पुठ्ठा

मी शर्टातला पुठ्ठा बोलतोय. शर्टातला हे आपलं म्हणायचं म्हणून, कारण शर्ट काही माझ्या वाट्याला आला नाही. नव्या शर्टाची घडी उलगडताना मागून जो पांढरा, ताठ पुठ्ठा निघतो आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, त्या घराण्यातला मी. दुकानात शर्ट रुबाबदार दिसतात ते आमच्या जिवावर. टाचण्या टोचून घ्यायच्या आम्ही आणि कौतुक व्हायचं कॉलरचं!

शर्टांच्या कारखान्यात आमचा गठ्ठा उघडला तेव्हा माझा एक कोपरा दुमडलेला निघाला. पॅकिंगवाल्या बाईंनी मला बाजूला भिरकावलं आणि म्हणाल्या, "बाद." झाला माझ्या आयुष्याचा निकाल.

संध्याकाळी कटिंग मास्टर तिथून चालले होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर पसरायचे, वरच्या थरावर खडूने पाठ, बाह्या, कॉलर असे तुकडे आखायचे आणि सगळे थर एकदम कापायचे, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं तेच करत होते. त्यांनी मला उचललं, दुमडलेला कोपरा अंगठ्याने दाबून सरळ केला आणि विचारलं, "हा नेऊ का हो? आमच्या लेकीला लागतात."

तर अशी माझी पाठवणी झाली.

लेक नुकतीच कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला लागली होती. तिच्या विभागाचा नियम असा, की चार वर्षांत कुठला विषय कधी घेणार याचा आराखडा पहिल्याच सेमिस्टरला करायचा आणि त्यावर सल्लागार मॅडमची सही घ्यायची. वहीची तीन पानं खोडून खोडून फाटल्यावर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझी खरखरीत बाजू वर करून तिने पट्टीने आठ उभे रकाने आखले, एका सेमिस्टरला एक, आणि प्रत्येकात विषयांसाठी चौकोन पाडले. मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

माणसं आराखडा करायला बसली की आधी काय करतात, माहीत आहे? रंगीत पेनं शोधतात. आमच्या लेकीने अर्धा तास त्यातच घालवला. शेवटी पेन्सिलच घेतली, तेवढी अक्कल तिला होती.

तिची पद्धत सोपी होती. आवडतं ते आधी, नावडतं ते जमेल तितकं पुढे. दुसऱ्या रकान्यात वेबसाइट बनवायला शिकण्याचा विषय आला, कारण सगळ्या मैत्रिणी तोच घेणार होत्या. लिनिअर अल्जिब्रा नावाचा गणिताचा विषय मात्र ढकलत ढकलत सहाव्या रकान्यात गेला. शाळेच्या शेवटच्या वर्षी गणिताने तिला रडकुंडीला आणलं होतं, ते ती विसरली नव्हती.

आणि आठव्या रकान्यात तिने 'कॉम्प्युटर ग्राफिक्स' लिहून भोवती दोनदा चौकट काढली. याच एका विषयासाठी ती या पदवीला आली होती. पडद्यावर चेंडू उसळतो, झाडाची सावली सरकते, हे सगळं नुसत्या आकड्यांतून कसं घडतं, ते तिला शिकायचं होतं. बाकीच्या विषयांशी तिचं तसं फारसं भांडण नव्हतं आणि प्रेमही नव्हतं.

मास्टर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"विषय लावतेय. जाऊ द्या बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते."

"बरं," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले. मला त्या माणसाने कचऱ्यातून उचललं होतं. मला तिचा राग आला, पण पुठ्ठ्याच्या रागाला विचारतो कोण?

बुधवारी मी तिच्या काखेतून मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडमनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि थेट माझ्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ग्राफिक्स आठव्याला? हा विषय मी एक वर्षाआड शिकवते गं. तुझ्या सहाव्या सेमिस्टरला आहे. त्यानंतर होईल तोवर तू इथून बाहेर पडलेली असशील."

"मग सहाव्यालाच घेते, मॅडम."

"त्याआधी लिनिअर अल्जिब्रा पास व्हावं लागतं. ते दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या सेमिस्टरलाच असतं. तू ते सहाव्याला टाकलंयस." त्यांनी मला परत केलं. "शुक्रवारी पाचपर्यंत नीट करून आण. नाहीतर ग्राफिक्सचा नाद सोड, दुसरा एखादा विषय घे. बिनगणिताचेही आहेत."

गुरुवारी संध्याकाळी माझे जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. गणित चौथ्या रकान्यात घालावं तर तिथले दोन विषय बाहेर पडायचे. ते पाचव्यात घालावेत तर पाचवा भरलेला. लिहायचं, खोडायचं, फुंकायचं, पुन्हा लिहायचं. चौथ्या रकान्यातला एक चौकोन तर तिने इतक्यांदा खोडला की तिथली माझी कातडी सोलवटून निघाली. शेवटी तिने माझ्यावर डोकं टेकलं आणि पुटपुटली, "नको ते ग्राफिक्स. घेते बिनगणिताचं काहीतरी."

मास्टर कारखान्यातून आले होते. बोटांना अजून खडू होता. ते माझ्यावर वाकले आणि म्हणाले, "यात सगळ्यात मोठा तुकडा कुठला?"

"तुकडे नाहीत हो बाबा, विषय आहेत."

"तेच ते. ज्याच्यावाचून शर्ट होणारच नाही, असा कुठला?"

तिने ग्राफिक्सवर बोट ठेवलं.

"मग तो आधी मांड. आम्ही कापडावर आधी पाठ मांडतो. खिसे काय, पट्ट्या काय, उरलेल्या जागेत कुठेही बसतात. तू खिसे आधी मांडलेस आणि आता पाठीला जागा शोधतेयस."

तिला हसू आलं. तिने डोळे पुसले आणि मग सगळंच पुसलं. रिकाम्या सहाव्या रकान्यात पहिल्यांदा ग्राफिक्स लिहिलं.

"याला काय लागतं?"

"गणित. ते चौथ्याला घेते."

"आणि चुकलं तर?"

तिची पेन्सिल चौथ्या रकान्यावरच थांबली.

"कापताना शिवणीसाठी माया सोडावी लागते, बाळा, थोडं जास्तीचं कापड. अगदी रेघेवर कापलेलं पहिल्या धुण्यात उसवतं."

"म्हणजे दुसऱ्यालाच घेऊ? पुढच्या सेमिस्टरला?" तिचा आवाज चढला. "मैत्रिणी सगळ्या वेबसाइटवाल्या वर्गात असतील. मी तिथे एकटी पडेन."

"पडशील," मास्टर म्हणाले. खोटा दिलासा द्यायची त्यांना सवयच नव्हती. "पण ठरव तू. मला यातले विषय काही ठाऊक नाहीत."

ते हात धुवायला गेले. ती खूप वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने दुसऱ्या रकान्यात, दाबून दाबून, लिनिअर अल्जिब्रा लिहिलं. चौथ्या रकान्यातला तो सोलवटलेला चौकोन तिने रिकामा सोडला. शुक्रवारी पाचाला वीस मिनिटं कमी असताना मॅडमनी माझ्या दुमडलेल्या कोपऱ्यावर सही केली. बाद कोपऱ्यावर सही! त्या पॅकिंगवाल्या बाईंनी बघायला हवं होतं.

त्यानंतर मी टेबलामागच्या भिंतीवर राहायला गेलो. आता सगळं सुरळीत पार पडलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण दुसऱ्या सेमिस्टरला ती गणितात नापास झाली. चार गुणांनी.

निकाल कळल्यावर तिने मला भिंतीवरून ओरबाडून काढलं. मला वाटलं, संपलं आपलं. मला धरून ती कचऱ्याच्या डब्याशी उभी राहिली. मग तिची नजर चौथ्या रकान्यातल्या रिकाम्या चौकोनावर गेली. गणित चौथ्याला पहिल्यांदाच घेतलं असतं आणि तेव्हा नापास झाली असती, तर ग्राफिक्स हातचं गेलं असतं. आता अजून एक संधी शिल्लक होती. तिने त्या चौकोनात पुन्हा तोच विषय लिहिला आणि मला जागेवर लावलं. रडली मात्र भरपूर. माझा पाचवा रकाना तेव्हापासून थोडा फुगलेला आहे.

चौथ्या सेमिस्टरला ती गणिताशी खरोखर भांडली. पहिल्या बाकावर बसली, अडेल ते सरांना विचारलं, चुकलेली उदाहरणं पुन्हा पुन्हा सोडवली. किती उदाहरणं सुटली ते माझ्या त्याच चौकोनात मांडायची आणि खोडायची. ज्या दिवशी पास झाली त्या दिवशी पेन घेऊन बरोबरची खूण करायला धावली, तर चौकोनाच्या जागी नुसतं भोक! ती खूण माझ्या आरपार भिंतीवर उमटली.

"भिंतीवर काय गिरवतेस गं?" आई आतून ओरडली.

"पास झाले, आई!"

"मग गिरव!"

आता मी म्हातारा झालोय. अंगावर शाई आहे, भोक आहे, सुरकुत्या आहेत. मॅडम म्हणाल्या होत्या, हा पुठ्ठा लॅमिनेट करून विभागात लाव, नव्या मुलांना दाखवायला. कृपा करून तसलं काही करू नका. नव्या मुलांना कोरे पुठ्ठे द्या आणि भरपूर खोडरबर द्या.

काल सहावं सेमिस्टर सुरू झालं. ग्राफिक्सच्या पहिल्या तासाहून लेक घरी आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. दोरीवरचा टॉवेल ओढून तिने दोन कोपरे मास्टरांच्या हातात दिले आणि दोन स्वतः धरले.

"हा पडदा समजा बाबा. हा कोपरा इथून तिथे नेला, तर बाकीचे कुठे जातील? ते त्या गणितातून काढता येतं. फिरवा आता. नाही नाही, तुमच्या बाजूने!"

अर्धा तास बापलेक टॉवेल धरून खोलीभर फिरत होते. एकदा खुर्ची पाडली, एकदा आईला धडकले. या सगळ्यात लेकीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. अडीच वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. थोडं लागलं मला, खोटं कशाला बोलू?

"आणि हा कोपरा असा वर उचलला तर?" मास्टर विचारत होते. आणि तिला उत्तर येत होतं.